उताराची तालीम

मलबार हिलवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल, तर मागच्या हिवाळ्यातली एक बाई त्यांना नक्की आठवेल. साधी सुती साडी, पायात माझे जुने स्पोर्ट्स शूज, दोन्ही हातांत स्टीलचं ताट आणि ताटात दोन नारळ. चौपाटीकडे उतरणाऱ्या सिरी रोडवरून ती अतिशय गंभीर चेहऱ्याने पाऊल पाऊल टाकत यायची, आणि तिच्या पुढे दुसरी एक बाई उलटी चालत "समोर बघ, समोर बघ" म्हणून ओरडायची. ओरडणारी मी. ताटवाली माझी आई. आम्ही कुठल्या पंथाच्या नव्हतो, नवसही फेडत नव्हतो. तालीम करत होतो. कसली, ते सांगते.

आई लग्न होऊन लालबागच्या चाळीत आली. चाळीचा टॉवर झाला, तरी ती तिथेच आहे. मी लग्न केलं नाही, त्यामुळे माझं माहेर आणि सासर एकाच दाराआड आहे आणि दोन्हींचा कारभार आईच बघते. तिची थोरली बहीण, म्हणजे माझी मावशी, गिरगावातल्या एका वाडीत तळमजल्यावर राहते. मावशीला चक्कर येते, चालायला काठी लागते. जीभ मात्र अजून कशाच्याही आधाराशिवाय चालते. दोघींचं माहेर तळकोकणात, समुद्राकाठी. आता त्या घराला कुलूप आहे. भाऊ गेला, भावजय मुलाकडे पुण्याला राहायला गेली, आणि अंगणातली चिंच तेवढी घर सांभाळते.

त्या गावात थंडी सरता सरता देवीची पालखी समुद्रस्नानाला निघते. पालखीच्या मागून गावच्या माहेरवाशिणी पायी चालतात, प्रत्येकीच्या हातात ओटीचं ताट. पुळणीवर, म्हणजे समुद्राच्या वाळूत पोचून देवीची आंघोळ झाली, की गुरव एकेका घराला हाक मारतो. त्या गावात घरं माणसांच्या नावाने ओळखत नाहीत, जागेवरून ओळखतात. विहिरीकडचे, वरच्या बांधाचे, चिंचेकडचे. हाक आली की त्या घरच्या लेकीने ओ द्यायची आणि पुढे होऊन ओटी भरायची. गाडीतून आलेली ओटी चालत नाही. देवी चालत येते, तर लेकीने पण चालत यायचं, असा सरळ हिशेब आहे.

पूर्वी ही ओटी फक्त सवाष्णींची. मावशीचं जाणं काका गेले तेव्हा बंद झालं, बाबा गेले तेव्हा आईचं. मग दोन वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी बैठक घेऊन ठरवलं की लेक ती लेक, नवरा असो वा नसो. आमच्या गावात शहाणपण आलं की ते पहिल्यांदा व्हॉट्सअ‍ॅपवर येतं, तसं तेही आलं. पण दोघी बहिणींनी ते मनावर घेतलं नाही. "आता काय करायचंय," असं म्हणत राहिल्या, आणि दिवस निघून गेला.

मग त्याच ग्रुपवर स्नानाचा व्हिडिओ आला. मावशीच्या खोलीत पलंगावर बसून दोघींनी तो माझ्या फोनवर पाहिला. गुरवाने हाक मारली, "चिंचेकडचे!" कुणी बोललं नाही. त्याने पुन्हा हाक मारली. मागे लाटेचा आवाज आणि कुणाच्या तरी पोराचं रडणं. मग तो पुढच्या घराकडे वळला. एवढंच. मी फोन खाली ठेवला तरी दोघी त्या जागेकडेच बघत बसल्या होत्या.

"आमी मेलंव काय गो?" मावशी म्हणाली.

"पुढच्या वर्षी मी जातंय," आई म्हणाली.

"माझीय ओटी घेवन जा."

"नेतंय."

ठरलं ते इतकंच. पण आईचा स्वभाव मला माहीत आहे. ती बोलत नाही, आणि बोलली की मग मागे फिरत नाही. त्या संध्याकाळी बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत होती आणि तिचे डोळे भरलेले होते. मला माझ्या आईबद्दल इतका राग, इतकी माया आणि इतकी काळजी एकदम कधीच वाटली नव्हती.

मी कामाला लागले. ऑफिसमध्ये माझ्या हाताखाली माणसं आहेत आणि घरी फक्त आई आहे, तेव्हा माझ्या व्यवस्थापनाचा सगळा भार तिच्यावरच पडतो. मी विचारलं, वाट कशी आहे? मी ती कधी पाहिली नव्हती. आम्ही गावी जायचो ते मे महिन्यात, आंबे खायला, आणि देवळात जायचो रिक्षाने. आई म्हणाली, "आधी सडा. उघडं कातळ. मग रान, जांभ्या दगडाच्या पायऱ्या. मग खाजण, तिथे चिखल असतो. मग सुरूची झाडं नि पुळण." चढ आहे की उतार, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. डोंगर म्हटला की तो चढायचा, एवढंच मुंबईत वाढलेल्या माणसाला कळतं.

जिमचं नाव काढलं तर आई हसली. "पट्ट्यावर चालून कुणी गावाला पोचलंय का?" मग तिनेच तोडगा काढला. गावची वाट मुंबईत शोधायची. तुकड्यातुकड्याने का होईना, पण शोधायची. मी आधी हसले. पण दिवाळीनंतर दर रविवारी आम्ही दोघी बाहेर पडायला लागलो आणि बघते तर काय, सगळं इथेच होतं. इतकी वर्षं या शहरात राहून मी इमारतींच्या मधून चालत आले होते. आई इमारती सोडून बाकीचं बघत होती.

कातळासाठी आम्ही वरळी कोळीवाड्यात गेलो. त्या अरुंद गल्ल्यांतून किल्ल्यापर्यंत जायला दहा मिनिटं पुरतात, पण आईला तासभर लागला, कारण वाटेत सुकत घातलेल्या प्रत्येक बोंबलाची तिला विचारपूस करायची होती. शेवटी किल्ल्याच्या अंगाला ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवर ती उतरली, म्हणजे मी तिला दोन्ही हातांनी धरून उतरवलं, आणि मग सपाट खडकांवरून साडीचा काठ उचलून ती बराच वेळ फिरली. जाळं नीट करत बसलेल्या एका कोळीणबाईने न राहवून विचारलं, "काय हरवलंय काय मावशी?"

"नाय गो. चालायचा सराव करतंय."

"मग ठीक. आमी रोजच करतो," कोळीणबाई म्हणाली आणि पुन्हा जाळ्यात डोकं घातलं.

खाजणासाठी शिवडी. तिथे जेट्टीवर मोठमोठ्या कॅमेऱ्यांची रांग लागली होती, कारण चिखलात रोहित पक्षी उतरले होते, लांबवर गुलाबी पट्टा. सगळे श्वास रोखून पक्षी बघत होते. आई चिखल बघत होती. "ह्यात चिंबोऱ्या असणार," ती जरा मोठ्यानेच म्हणाली, आणि बूट काढून कडेच्या चिखलात पाय घातला. पक्षी तिच्या आवाजाने उडाले की आपल्या मर्जीने, ते देव जाणे. पण कॅमेरेवाल्यांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती पाहून मी तिचे बूट उचलले आणि तिला घेऊन काढता पाय घेतला. ती वाटभर हसत होती. घोट्यापर्यंतचा चिखल तिने घरी येईपर्यंत धुतला नाही.

वाळूसाठी दादरची चौपाटी जवळ पडायची. आणि राहिला डोंगर, तर त्यासाठी मलबार हिल. गिरगावात मावशीकडे चहा घ्यायचा, चौपाटीवरून सिरी रोड धरायचा आणि झाडीतून वर हँगिंग गार्डनपर्यंत जायचं. तिथे उतारावर झाडांच्या मधून जाणारी नवी लाकडी पायवाट झाली आहे. तिचं आधी बुकिंग करावं लागतं, हे ऐकून आई रस्त्यातच थांबली होती. "झाडं बघायला बुकिंग?" पण एकदा तिकडून गेलो तेव्हा पानांच्या फटीतून खाली समुद्र दिसला आणि ती कठड्याला टेकून उभी राहिली. "असंच दिसतं आमच्या रानातून," म्हणाली.

चढायला ती पक्की होती. अगदी दृष्ट लागावी अशी. मी धापा टाकत वर पोचायचे तेव्हा ती बागेतल्या म्हातारीच्या बुटाजवळ उभी राहून फुगेवाल्याशी गप्पा मारत असायची. आणि मग दर वेळी एकच. "बस आली बघ!" खाली चौपाटीला उतरायचं सोडून ती बसमध्ये चढायची. कधी तिला पाण्याची वेळ आठवायची, कधी शेगडीवर काहीतरी राहिल्याची शंका यायची, कधी म्हणायची, सीनियर सिटिझनना बसायला जागा देतात तर बसायला नको का. मला वाटायचं, बसचा शौक आहे तिला. वर चढून जिंकल्यावर खिडकीत बसायला कुणाला आवडणार नाही?

एका रविवारी बस आली नाही. खाली कुठली तरी धावण्याची शर्यत होती, रस्ते वळवले होते. मी म्हटलं, चल, चालत उतरू, पाच मिनिटांचं काम. ती बाकावर बसली. "तू हो पुढे. मी टॅक्सीने येते."

"टॅक्सी कुठून येणार? रस्ते बंद आहेत."

"मग बसते इथेच. छान वारा आहे."

मी वैतागले. माझा वैताग लवकर येतो आणि त्याचा आवाजही मोठा आहे. आख्ख्या बागेला कळेल असं मी तिला सुनावलं की इतके रविवार मी झोपमोड करून येते ते तू बाकावर बसावंस म्हणून नाही. ती उठली. सिरी रोडच्या तोंडाशी आली. रस्ता तिथून खाली वळतो. तिने कडेचा कठडा धरला, एक पाय पुढे टाकला आणि तशीच थांबली. मी तिचा हात हातात घेतला तर तो बर्फासारखा गार पडलेला.

"मला उतरता येत नाही गं," ती म्हणाली. "पाय सुटतात."

त्याच्या आदल्या वर्षी आमची लिफ्ट बंद पडलेली असताना ती जिन्यात पडली होती. मनगट मोडलं, प्लास्टर झालं, हाड जुळलं, आणि आम्ही ते प्रकरण मिटलं असं धरून चाललो होतो. ते मिटलेलं नव्हतं. त्या दिवसापासून ती कुठलाही जिना, कुठलाही उतार एकटीने उतरली नव्हती, आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नव्हता. मी तिला दोन्ही हातांनी धरून खाली आणलं. ती डोळे मिटून चालत होती. शेवटच्या वळणावर तर आम्ही दोघी कठड्याला धरून आडव्या खेकड्यासारख्या सरकत होतो.

थेट मावशीकडे गेलो. मावशीने सगळं ऐकून घेतलं, आणि मग काठी जमिनीवर आपटून बहिणीला विचारलं, "आणि इतके दिवस वर खंय चढत होतंस गो? देऊळ सड्यार, पालखी खाली जाता!"

मी आईकडे बघत राहिले. सड्यावरच्या देवळापासून समुद्रापर्यंत सगळी वाट उताराची होती. चढ नावालासुद्धा नव्हता. शिवाय हातात ताट, म्हणजे कठडा धरायची सोय नाही. आणि पालखीमागच्या रांगेत फक्त गावच्या लेकी चालणार. मी त्या गावची भाचरू, लेकीची लेक. म्हणजे हात धरायला मी पण नाही.

"मग तू चढायचा सराव कशाला करत होतीस?" मी जवळजवळ किंचाळले.

आई पदराशी चाळा करत होती. "चढायला जमत होतं म्हणून," ती म्हणाली.

मला हसू फुटलं, मग मावशीला, मग आईलाही. पण हसता हसता आई रडायला लागली. "नाय जमायचं बाय माका," ती मावशीला म्हणाली. "घराला हाक येईल आणि मी वर देवळातच उभी असेन." मावशीने तिला रडू दिलं. मग म्हणाली, "डोक्यार लाकडांचो भारो घेवन रोज उतरत होतंस. कधी पडललंस?"

"नाय."

"कित्याक? पाय दिसत नव्हते म्हणान. मान खाली घालूक येय नाय. समुद्राकडे बघान चालत होतंस."

हे मात्र माझ्या डोक्यात कधीच आलं नसतं. मी इंटरनेटवर गुडघ्यांचे व्यायाम शोधत बसले होते. मावशीचं म्हणणं, आई पडते ती पायांमुळे नाही, पायांकडे बघते म्हणून. हात रिकामे असले की माणूस आधार शोधतो, भरलेले असले की सरळ चालतो. तेव्हा रिकाम्या हाताने उतरायचंच नाही. मावशीने फडताळातून ताट काढलं, दोन नारळ ठेवले, आणि आईच्या हातात दिलं. "आता बसने वर जायचं आणि चालत खाली यायचं. मी चौपाटीवर बाकावर बसतंय. माका दिसाक होया तू."

अशी ती तालीम सुरू झाली. त्या रस्त्यावर सकाळी फिरणारी मंडळी शिस्तीची. ठरलेल्या वेळी येतात, ठरलेली कुत्री आणतात. त्यांच्यात आमचं हे ताट. पहिल्या दिवशी एक गुजराती आजोबा थांबले, चपला काढल्या, नारळांना नमस्कार केला आणि प्रसादासाठी हात पुढे केला. आईचे दोन्ही हात गुंतलेले आणि डोळे समोर लावलेले. तिने मानेनेच मला खूण केली आणि मी पर्समधली एक चॉकलेटची गोळी त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती भक्तिभावाने खाल्ली. पुढच्या रविवारी ते बायकोला घेऊन आले. मग आईने घरून खडीसाखर न्यायला सुरुवात केली, कारण माणसं अपेक्षेने बघतात तर त्यांना रिकाम्या हाताने पाठवणं बरं नव्हे.

प्रगती कसली म्हणता? पहिले दोन रविवार ती चार पावलं टाकायची, थांबायची, पुन्हा चार. मी पुढून उलटी चालत ओरडायचे. तिचा चेहरा घामाने भिजायचा, आणि खाली पोचल्यावर मावशीच्या शेजारी बसून ती पदराने तोंड पुसत राहायची. मला मध्येच वाटायचं, सोडून द्यावं हे. कशाला म्हाताऱ्या माणसाला इतकं घाबरवायचं? एकदा मी तसं म्हटलंही. आईने माझ्याकडे बघितलं नाही. "माझ्या बापाच्या घराला कुणी ओ दिली नाही," ती म्हणाली. मी पुन्हा पुढे झाले आणि उलटी चालायला लागले.

मग तो नारळाचा रविवार. एका केसाळ कुत्र्याने उत्साहाच्या भरात आईच्या साडीवर उडी घेतली, ताट कललं आणि एक नारळ टणाटणा उड्या मारत निघाला खाली. "अगो, बायचा नारळ!" आई ओरडली, बाय म्हणजे मावशी, आणि उरलेल्या नारळासकट ताट छातीशी धरून त्याच्या मागे निघाली. मी, कुत्रं, कुत्र्याची मालकीण आणि ते गुजराती आजोबा तिच्या मागे. ती नारळाला शिव्या घालत होती, त्या मला इथे लिहिता येणार नाहीत. नारळ वळणावरच्या झाडाच्या मुळात अडकला. आईने तो उचलला, पुसला, ताटात ठेवला, मागे वळून बघितलं आणि तिच्या लक्षात आलं की आपण केवढं उतरून आलोय. आजोबांनी टाळ्या वाजवल्या. आई लाजली, मग कठड्याकडे न बघता, सरळ चौपाटीपर्यंत गेली.

पुढच्याच रविवारी ती पुन्हा वरच्या वळणावर अडकली आणि मी पुन्हा ओरडले. असं पुढेमागे चाललं होतं. गावी जायचा दिवस उजाडला तेव्हाही मला खात्री नव्हती, आणि तिलाही नव्हती. निघताना मावशीने आपल्या नारळाला हळद-कुंकू लावून तो आईच्या पिशवीत घातला.

स्नानाच्या सकाळी आम्हा भाचरांना आधीच खाली पाठवलं. रांग यायच्या आत पुळणीवर जाऊन उभं राहायचं, अशी पद्धत. त्यामुळे ती वाट मी पहिल्यांदा पाहिली ती आईच्या आधी उतरताना. वर सड्यावर काळं कातळ आणि त्यात वाळून सोनेरी झालेलं गवत. वारा इतका की ओढणी उडून जाईल. मग कातळ संपतं आणि एकदम रान. काजूला मोहर आलेला, त्याचा गोडसर वास, आणि जांभ्याच्या पायऱ्या, झिजून बशीसारख्या खोल झालेल्या, वर वाळक्या पानांचा थर. तिथे मी घसरले आणि सरळ बसलेच. माझ्या मागच्या दोन मुली हसल्या. मी मात्र बसल्या जागी खालच्या पायऱ्या मोजत होते. सिरी रोड या वाटेपुढे घरातली फरशी होता. मग खाजणाच्या कडेने पायाखाली गार चिखल, मग शेवटचा एक छोटा उतार, सुरूच्या झाडांतून, आणि मग समुद्र. इतकी सुंदर वाट मी आयुष्यात पाहिली नव्हती, आणि इतका धसकाही कुठल्याच वाटेचा कधी घेतला नव्हता.

वरून ढोल ऐकू यायला लागले. पालखी रानातून बाहेर पडली, सुरूच्या झाडांतून खाली आली, वाळूत उतरली. मागून माहेरवाशिणी. हिरव्या साड्या, जरीच्या साड्या, मुंबईच्या, पुण्याच्या, कोल्हापूरच्या. मी एकेक चेहरा बघत होते. आई नव्हती. देवीला लाटेत नेलं, आंघोळ झाली, पालखी पुन्हा वाळूत टेकली. आई नव्हती. रांग संपल्यासारखी दिसत होती. मला वर पळत जावंसं वाटलं, पण शेजारच्या बाईने माझा दंड धरला. भाचरांनी आता वाटेवर जायचं नसतं.

गुरवाने हाका मारायला सुरुवात केली. विहिरीकडचे. "आसंव!" म्हणजे आहोत आम्ही. वरच्या बांधाचे. "आसंय!" म्हणजे आहे मी, एकटीच. एकेक लेक पुढे होत होती, ओटी भरत होती, डोळे पुसत मागे येत होती. मग तो म्हणाला, "चिंचेकडचे!"

कुणी बोललं नाही. लाट आली आणि गेली. ओ द्यायचा हक्क माझा नव्हता. "चिंचेकडचे! लेकी आसत काय?" त्याने पुन्हा विचारलं, आणि गर्दीवरून एकदा नजर फिरवली. तो पुढच्या घराकडे वळायला लागला.

"आसंव!"

सुरूच्या झाडांतून आवाज आला. सगळे मागे वळले. शेवटच्या उतारावर आई होती, एकटी, साडीला घोट्यापर्यंत चिखल, ताट छातीशी आणि डोळे सरळ समुद्रावर. ती थांबली नाही. पायांकडे तिने एकदाही बघितलं नाही. "आसंव!" ती पुन्हा ओरडली, "दोघीय आसंव!" आणि वाळूत उतरली.

मी धाय मोकलून रडत होते. ती माझ्या समोरून गेली, पण तिला मी दिसले नाही. गुरव तिच्या मागे बघत होता. मागे कुणीच नव्हतं.

"दुसरी खंय?" त्याने विचारलं.

"ती गिरगावात आसा," आई म्हणाली. तिला धाप लागली होती. "पण माका हंयसर तिनाच आणल्यान."

गुरवाने मान डोलावली आणि दोन्ही नारळ देवीच्या पुढे ठेवले.